न्हावा शेव्याचे काँप्युटर बंद पडले तेव्हा



हंगामापूर्वीच्या गट सभांतून यंदा उसाच्या जातीपेक्षा आणि खताच्या मात्रेपेक्षा काँप्युटरवरच जास्त बोलणे झाले. एका गावी विचारणा झाली की, लागणीची नोंद आता मोबाईलवर होते, वजनाचा संदेश मोबाईलवर येतो, बिल परस्पर बँकेत जमा होते. मग शेतकी खात्याने नोंदवह्या आणि कागदी पावत्यांवर खर्च कशाला करावा? दुसऱ्या गावी नेमके उलटे. "साहेब, सगळं त्या डब्यात घातलंय. उद्या डबाच बसला तर आमचा ऊस कुणाचा?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कागदी नोंदवह्या बंद कराव्यात अशी सूचना वार्षिक सभेपुढे येणार असल्याचेही आमच्या कानावर आहे. म्हणून या अंकात बेणे-खते बाजूस ठेवून आम्ही याच विषयावर लिहीत आहोत. आम्ही शेतकी पदविकेची माणसे, काँप्युटरचे शिक्षण आम्हास नाही. पण रोग कुठून येतो, कसा पसरतो आणि निरोगी बेणे कसे राखावे हे आम्हास कळते, आणि काँप्युटरच्या या दुखण्यात गोष्ट बरीचशी तीच आहे.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. बोरघाट उतरून पनवेल मागे टाकले की उरणचा रस्ता लागतो. त्या वाटेवर गव्हाण नावाचे गाव आहे. (आपल्याकडे गव्हाण म्हटले की मोळी टाकायची जागा, तिकडे गव्हाण फाटा म्हणजे कंटेनरच्या गाड्यांची वर्दळ.) पुढे जासई, करळ फाटा करीत खाडीकडे गेले की न्हावा शेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर. हे बंदर २६ मे १९८९ रोजी चालू झाले. पूर्वी येथे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. जमीन सुखासुखी गेलेली नाही. मोबदल्यासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. शेतकऱ्याच्या जमिनीवर उभे राहिलेले हे बंदर आज शेतकऱ्याचाच माल बाहेर नेते. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, आणि निर्यातीला परवानगी मिळते त्या वर्षी आपल्या भागातल्या कारखान्यांची ५० किलोच्या पोत्यांतली पांढरी साखर येथून जाते. २०१६-१७ साली या बंदरातून सुमारे ४५ लाख कंटेनरांची हाताळणी झाली, २० फुटी डबा एक एकक धरून. देशातल्या मोठ्या बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा हा निम्म्याच्या आसपासचा भाग झाला.

२७ जून २०१७, मंगळवार. त्या दिवशी बंदरातल्या एका टर्मिनलचे काँप्युटर एकाएकी काळे पडले. बंदरात वेगवेगळ्या कंपन्या चालवीत असलेले वेगवेगळे धक्के आहेत, त्यांना टर्मिनल म्हणतात. हे टर्मिनल गेटवे टर्मिनल्स इंडिया या नावाचे. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स आणि आपल्या सरकारचे कंटेनर महामंडळ यांच्या भागीदारीतले. त्याची क्षमता वर्षाला १८ लाख कंटेनरांची होती. पडद्यावर मजकूर आला की तुमच्या सर्व फायली कुलूपबंद केल्या आहेत, ३०० डॉलर भरा म्हणजे किल्ली मिळेल.

डबा दिसतो, पण कोणाचा?

काँप्युटर बंद झाल्याने क्रेन का थांबाव्यात, असे कोणी विचारील. क्रेन तर विजेवर चालते. याचे उत्तर आपल्या ऊस यार्डात आहे. हंगामात यार्डात शे-दोनशे गाड्या उभ्या असतात. बैलगाड्या, अंगद, ट्रॅक्टर, ट्रक. लांबून पाहिले तर सगळा ऊसच. कोणती गाडी कोणाची, कोणत्या गटाची, कोणाचा नंबर आधी हे सांगते ते हातातले टोकन आणि चिटबॉयने फडात दिलेली चिठ्ठी. चिठ्ठ्या आणि टोकने एका क्षणात जाळून टाका, ऊस जागेवर असूनही काटा चालवता येणार नाही.

बंदरात हजारो डबे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकावर चार अक्षरे आणि सात आकडे असा क्रमांक रंगवलेला असतो. पण त्या डब्यात काय आहे, मालक कोण, कोणत्या जहाजावर चढवायचा, खालून तिसरा आहे की चौथा, हे सारे काँप्युटरच्या पोटात. डबा डोळ्यांपुढे उभा आहे आणि तो कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही, अशी गत झाली. आत आलेल्या गाड्या अडकल्या, बाहेरच्या रांगेत राहिल्या. बंदर प्रशासनाला या गाड्या उभ्या करण्यासाठी जागेची व्यवस्था करावी लागली. हाताने कागदावर लिहून काम चालविण्याचा प्रयत्न झाला. बंदरातली इतर टर्मिनले चालू होती हे नशीब.

कंटेनरमधला माल काही काळ तरी दम धरतो. ऊस धरीत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते आणि उताराही घटतो, हे आम्ही गेली अनेक वर्षे सांगत आलो आहोत. शिवाय ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते. काँप्युटर आजारी आहे म्हणून ते १४ दिवस थांबत नाहीत.

बेणे मळ्यातूनच आलेला रोग

आता हा रोग आला कोठून ते पाहू. न्हावा शेव्यावर कोणाचा राग नव्हता, उरण तालुक्याचे नावही त्या लोकांनी ऐकले नसेल. रोग सोडला होता युक्रेन देशासाठी. त्या देशात हिशेब आणि कराचे कागद करण्यासाठी एम.ई.डॉक नावाची प्रणाली फार वापरात होती, आपल्याकडे जशी टॅली. अशा प्रणालीची नवी सुधारित आवृत्ती अधूनमधून आपोआप येते आणि काँप्युटर ती विश्वासाने घेतो. हल्लेखोर त्या कंपनीच्याच मूळ काँप्युटरमध्ये शिरले आणि सुधारणेच्या नावाखाली विष पाठवले. दुसऱ्या दिवशी, २८ जूनला, युक्रेनचा राज्यघटना दिन होता.

सभासदांच्या ध्यानात आले असेल. आम्ही कानीकपाळी ओरडतो की, बेणे शेजाऱ्याच्या फडातून उचलू नका, मूलभूत-पायाभूत-प्रमाणित या वाटेने आलेले घ्या. पण बेणे मळ्यातच काणी घुसली तर? मग ती सर्वांच्या शेतात एकदम जाते, आणि आपण चोख वागलो म्हणून जाते. येथे तेच झाले. मर्स्क कंपनीच्या युक्रेनमधल्या कचेरीत ही हिशेबाची प्रणाली होती. तेवढ्या दारातून रोग आत शिरला आणि कंपनीच्या साऱ्या जगातल्या तारांवरून धावला. त्यांच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठिकाणी काम बंद पडले, त्यांत अमेरिकेतली, युरोपातली होती आणि आपल्या रायगडचे हे होते.

एकदा शेतात आल्यावर रोग दोन रीतींनी पसरत होता. एक म्हणजे काँप्युटर चालविणाऱ्या विंडोज या मूळ प्रणालीतच एक भगदाड होते. त्यावर पुढे लिहितो. दुसरी रीत आम्हास जास्त शिकवणारी वाटली. खोडव्याची वाढ खुंटण्याचा जो रोग आहे तो कोयत्याच्या पात्यावरून पसरतो हे तुम्ही जाणता. रोगी बेट तोडले आणि तेच पाते निरोगी बेटाला लावले की झाले. या विषाणूने तसेच केले. एका काँप्युटरच्या आठवणीत राहून गेलेले पासवर्ड त्याने उचलले आणि त्याच किल्ल्यांनी शेजारच्या, धडधाकट काँप्युटरांची दारे उघडली. त्यामुळे ज्यांनी आपले भगदाड बुजवले होते तेसुद्धा, एकाच न बुजवलेल्या शेजाऱ्यापायी, आडवे झाले. ज्या कचेरीत एकच पासवर्ड दहा जण वापरतात आणि तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेला असतो, तिथे एकच कोयता दहा फडांत फिरतो आहे असे समजावे.

आणखी एक. १९७०-८० च्या दशकांत आपल्याकडे जिकडेतिकडे को ७४० दिसे. चांगली जात, पण काणीला बळी पडणारी; आणि सगळीकडे तीच म्हणून काणीचे फावले. जगातल्या कचेऱ्यांत एकच विंडोज असण्याची गत तीच आहे. यावर आमच्यापाशी तोड नाही, नुसते नमूद करतो.

पैसे भरले असते तर सुटका झाली असती का? नाही. हा विषाणू खंडणीखोराचे सोंग घेऊन आला होता, पण कुलूप असे घातले होते की किल्लीच शिल्लक नव्हती. ज्यांनी ३०० डॉलर भरले त्यांचेही गेले. अमेरिका व ब्रिटन या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये हे रशियाच्या लष्कराचे काम असल्याचे जाहीर केले, रशियाने ते नाकारले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले. एकंदर नुकसानीचा अमेरिकन सरकारचा अंदाज १,००० कोटी डॉलरच्या वर गेला. एकट्या मर्स्कचे २५ ते ३० कोटी डॉलर बुडाले. जगाच्या पाठीवर लढाई दोन देशांची, आणि करळ फाट्यावर गाडीत झोपून राहिला तो ड्रायव्हर.

दुसऱ्याचे घर उघडायची किल्ली

आता त्या भगदाडाविषयी. हा भाग आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाळत आणि सुरक्षितता यांचा संबंध येथे उघड होतो.

विंडोजमधले ते भगदाड हल्लेखोरांनी शोधलेले नव्हते. ते शोधले होते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने. या संस्थेचे काम इतर देशांचे संदेश ऐकणे. तिने त्या भगदाडातून शिरण्याचे हत्यार तयार केले, त्याचे नाव इटर्नल ब्लू. विंडोज बनविणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीला न सांगता ते कित्येक वर्षे गुपचूप वापरले. सांगितले असते तर भगदाड बुजले असते आणि पाळत बंद पडली असती. पुढे ते हत्यारच चोरीस गेले. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचे ठिगळ प्रसिद्ध केले, आणि १४ एप्रिल २०१७ रोजी शॅडो ब्रोकर्स असे नाव घेतलेल्या टोळीने हत्यार जगासमोर उघडे टाकले. १२ मे रोजी त्याच हत्यारावर स्वार होऊन वॉनाक्राय नावाचा विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला, इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही काँप्युटर बसले. आणि २७ जूनला न्हावा शेवा.

सरकारला चोर-दरोडेखोरांवर, शत्रूवर नजर ठेवावी लागते हे आम्ही मानतो. गावात पोलीस पाटील लागतोच. पण पोलीस पाटलाने साऱ्या गावाच्या कुलपांना लागणारी एक किल्ली करून उशाशी ठेवली, तर ती कधीतरी चोराच्या हाती लागणार. मग त्या किल्लीने घर कोणाचे फुटेल हे पोलीस पाटलाच्या हातात राहत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या वेळी याची तुलना लष्कराची क्षेपणास्त्रे चोरीस जाण्याशी केली होती. तुलना आम्हास पटते, मात्र त्या कंपनीच्या मालात भगदाड मुळात होतेच हेही विसरू नये.

"आमच्यासारख्यावर कोण पाळत ठेवणार? आमच्यात लपवण्यासारखं काय आहे?" असे सभासद म्हणतात. लपवण्यासारखे नसेल, पण राखण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या कारखान्याच्या नोंदीत तुमचा गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, आधार, बँक खाते आणि मोबाईल नंबर एका ओळीत बसले आहेत. कोणाचे किती टन गेले आणि बिल कोणत्या आठवड्यात जमा होणार हेही त्याच ओळीत कळते. एवढी ओळ भामट्याच्या हाती पडली की त्याला फोन करून तुमचे नाव, टन आणि तारीख बिनचूक सांगता येते. मग "कारखान्यातून बोलतोय, बिल अडकलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा" हे खरेच वाटते.

उपग्रहाविषयीही पुष्कळांनी विचारले. वरून आपला फड दिसतो का? दिसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे साधारण दर पाच दिवसांनी निघतात आणि ती जगात कोणालाही फुकट मिळतात. त्यांतला एक ठिपका १० मीटर गुणिले १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. ऊस हिरवा आहे की वाळला, तोडला की उभा, एवढे त्यावरून समजते. हे चित्र लपवता येणार नाही आणि लपवण्याचे कारणही नाही. पाण्याचा ताण ओळखायला आम्हासच ते उपयोगी पडते. पण त्या ठिपक्यावर मालकाचे नाव, खाते आणि फोन चिकटला की तो ठिपका निराळा होतो. ते चिकटवण्याचे काम ज्याच्या नोंदीत आहे, म्हणजे बँका, सरकारी कचेऱ्या आणि आपला कारखाना, त्याच्यावर जबाबदारी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. माहिती नीट न राखल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. कारखान्याने हे आकडे नीट वाचावेत.

घानाची वीज गेली म्हणून

मर्स्क कंपनी यातून कशी उठली ती हकिकत ऐकण्यासारखी आहे. कोणाला कोणत्या दारातून आत सोडायचे याची मुख्य नोंद या कंपनीने जगभर सुमारे १५० ठिकाणी ठेवली होती. विचार असा की, एक गेली तरी १४९ राहतील. पण सगळ्या एकाच तारेवर, एकमेकींशी सतत जुळवून घेणाऱ्या. विषाणूने सगळ्याच पुसल्या. शोधाशोध करता एक प्रत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशात. ती वाचली कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि काँप्युटर तारेवरून सुटलेला होता! घानाहून ती प्रत तारेवरून पाठवायची तर कित्येक दिवस लागले असते. तिथल्या माणसांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण नायजेरियाला विमानाने गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती ती हार्ड डिस्क दिली, आणि तो लंडनला घेऊन पोहोचला. अमेरिकेतले पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली हा वृत्तान्त लिहिला आहे.

त्यानंतर १० दिवसांत ४ हजार सर्व्हर, ४५ हजार काँप्युटर आणि अडीच हजार प्रणाली नव्याने बसविल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सभेत सांगितले. त्याच भाषणात आणखी एक गोष्ट होती. त्या १० दिवसांत कंपनीचे काम फक्त २० टक्क्यांनी घटले. बाकीचे ८० टक्के माणसांनी हाताने रेटले. जुन्या रीतीने काम कसे होते ते माहीत असलेली माणसे शिल्लक होती म्हणून हे जमले. नोंदवह्या बंद करण्याची सूचना मांडणाऱ्यांनी हा आकडा जरा मनात घोळवावा. वह्या गेल्या की दोन हंगामांत वही लिहू शकणारा कारकूनही जातो.

न्हावा शेव्याला एकदाच लागले असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदराच्या स्वतःच्या टर्मिनलवर, म्हणजे सरकारी मालकीच्या धक्क्यावर, खंडणीच्या विषाणूचा हल्ला झाला. जहाजे शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षाचा हंगाम.

"हे परदेशी कंपन्यांचं, मोठ्यांचं दुखणं. सहकारात कोण येतंय?" असेही ऐकू येते. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, सहकारीच. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमने "हे पैसे देऊ का?" असे विचारले की बँकेतला जो काँप्युटर हो-नाही सांगतो, त्याच्या जागी चोरांनी आपला तोतया उभा केला, आणि तो सगळ्यांनाच हो म्हणत सुटला. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे उपसले गेले. आपल्याकडे कोल्हापुरातही यंत्रांपुढे माणसे उभी होती. १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात गेले. ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही, नुकसान बँकेने सोसले. काही जणांना २०२३ साली पुण्याच्या न्यायालयात शिक्षाही झाली. असो. ऊस बिले ज्या बँकांतून फिरतात त्या बहुतेक सहकारीच आहेत, एवढे सांगायचे होते.

आपल्याकडे काय व्हावे

आमचे मत स्पष्ट आहे. काँप्युटरवरची नोंद राहावी. पाळीपाळीने तोड देण्यात वशिला कमी झाला तो त्यामुळेच, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. साखर आयुक्तालयाने २०२२ साली ऊस नोंदणीचे ॲप काढले, तेही सोयीचेच झाले. परंतु कागदी नोंदवही आणि काट्यावरची छापील पावती बंद करू नये. वह्यांचा खर्च हा बेणे मळ्याच्या खर्चासारखा आहे; रोग येत नाही तोवर तो फुकट वाटतो.

दुसरे, साऱ्या नोंदींची एक प्रत दर संध्याकाळी काढून तारेवरून सोडवून, कुलपात ठेवावी. "काढलेली प्रत शेजारच्या काँप्युटरवर आहे" हे उत्तर चालणार नाही. मर्स्कच्या दीडशे प्रती अशाच होत्या. आठवड्यातून एकदा ती प्रत उघडून चालते का तेही पाहावे, कारण न उगवणारे बेणे कोठीत असणे आणि नसणे सारखेच. काट्याचा काँप्युटर काट्यापुरताच असावा. त्यावर कोणी मोबाईल लावून गाणी घेऊ नयेत, कोणाचाही पेनड्राईव्ह खुपसू नये. विंडोजची ठिगळे आली की लावावीत, हंगाम चालू आहे म्हणून पुढे ढकलू नयेत. आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस काँप्युटर मुद्दाम बंद ठेवून पूर्ण पाळी वही-पावतीवर चालवून पाहावी असे आम्ही सुचविले आहे. यार्डातल्या काही मंडळींना ही सूचना रुचलेली नाही. एक दिवस त्रास होईल हे खरेच.

आता सभासदांनी करावयाचे. वजनाचा संदेश मोबाईलवर आला तरी काट्याची पावती मागून घ्यावी आणि बिल हाती पडेपर्यंत जपावी. कारखाना, बँक किंवा सरकारी खाते तुम्हाला फोनवर ओटीपी विचारीत नाही. विचारला की तो भामटा. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या किंवा बँकेच्या नावाने एपीके अशी फाईल येते, ती उघडू नये. ती फाईल म्हणजे एक ॲपच असते. ते मोबाईलमध्ये बसते आणि तुमचे संदेश परस्पर वाचते. ज्यांना बोटाच्या ठशावर पैसे काढायची गरज पडत नाही त्यांनी आधारवरचा ठसा कुलूपबंद करून ठेवावा, आधारच्या ॲपवर ते होते. मुलाकडून करून घेतले तरी चालेल, पण परक्याकडून नको. सातबारा, आधार, पासबुक यांची झेरॉक्स देताना तीवर आडवी रेघ मारून "फक्त ऊस नोंदीसाठी" असे लिहून तारीख टाकावी. आणि पैसे गेलेच तर लाज धरून घरी बसू नये. त्याच क्षणी १९३० या नंबरवर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडत असतात, तासाभरात कळविले तर वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

लागण व खोडवा नोंदीचे छापील उतारे गट ऑफिसांत आले आहेत. प्रत्येकाने आपला उतारा पाहून गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख बरोबर असल्याची सही करावी व दुसरी प्रत घरी न्यावी. ज्यांचा मोबाईल नंबर किंवा बँक खाते बदलले आहे त्यांनी पासबुक घेऊन स्वतः गट ऑफिसात यावे. फोनवर किंवा दुसऱ्याच्या हाती कळविलेला बदल शेतकी खाते यापुढे घेणार नाही.